एका सहीचा गोल

क्रोएशियाचा एक फॉरवर्ड निवृत्त झाला, ही बातमी मी कंपनीच्या बसमध्ये वाचली. पहिल्या पाळीची बस. सिडकोतून पाच चाळीसला निघते आणि सहाला दोन मिनिटं कमी असताना उस्मानपुऱ्याच्या थांब्यावर येते. बातमी मोबाइलवर होती, चार ओळींची. त्या दिवशी बसमध्ये एकोणचाळीस माणसं होती. मी मोजली, कारण ही बातमी ज्याला सांगता येईल असं त्यांत कुणी आहे का, ते पाहत होतो. कुणी नव्हतं.

सांगण्याजोगा माणूस पूर्वी याच थांब्यावर चढायचा आणि माझ्या शेजारी बसायचा. साडेतीन वर्षांपासून तो या बसला नाही. त्याच्या जागेवर आता मी डब्याची पिशवी ठेवतो.

त्या खेळाडूचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तरी आपल्याकडं फार कुणाला ओळख पटणार नाही. तो काही पोस्टरवर झळकणाऱ्यांतला नव्हता. आणि आम्ही दोघं त्याला नावानं ओळखतच नव्हतो. आमच्यासाठी तो ‘गडी’ होता.

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग मापात बसतात की नाही ते पाहायचं, सव्वीस वर्षं हेच काम. आमच्याकडं प्रत्येक लॉटचा एक तक्ता असतो आणि त्यावर दोन सह्या लागतात. एक बनवणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. एकच सही असेल तर माल पुढं जात नाही. शंका असेल तर त्यावर पिवळा टॅग लावून बाजूला ठेवायचा, त्याला होल्ड म्हणतात. आकडा चुकला तर खरडायचा नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि पुन्हा दोघांनी सह्या करायच्या. हे मला कुणी सक्तीनं शिकवावं लागलं नाही. माझा स्वभावच तसा आहे. घरातही गॅसची टाकी किती दिवस चालली हे मी कॅलेंडरवर लिहितो.

माझा मित्र टूलरूममध्ये होता. हत्यारांना धार लावण्यात त्याचा हात असा होता, की नवी माणसं त्याच्याकडं शिकायला पाठवायचे. म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. तरुणपणी तो आमखास मैदानावर डाव्या बाजूनं फुटबॉल खेळायचा. माझ्या खिशात कायम मापाचं गेज असायचं म्हणून तो मला गेजसाहेब म्हणायचा, आणि ते नाव पुढं सगळ्या कँटीननं उचललं.

गडी आम्हाला पहिल्यांदा दिसला तो कँटीनच्या टीव्हीवर. विश्वचषक चालू होता आणि दुपारच्या जेवणाला आदल्या दिवशीच्या सामन्याचं पुनःप्रक्षेपण लागायचं. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे शर्ट घातलेली क्रोएशियाची टीम. शेवटची अकरा मिनिटं राहिली असताना एक उंच, हडकुळा पोरगेला माणूस बदली म्हणून आत आला. त्याचे मोजे घोट्यापर्यंत घसरलेले होते.

“ह्याला बघ,” उस्ताद म्हणाला.

सामना संपल्यावर मी म्हणालो, “यानं तर काहीच केलं नाही. तीन वेळा बॉलला पाय लागला, बस.”

“तेच तर. बॉल नसताना काय केलं ते बघितलंस? दोन-दोन डिफेंडर खेचून नेले बाजूला. त्या दुसऱ्यानं गोल मारला, त्याला जागा कुणी केली?”

“चौदा वेळा पळाला तो बॉलशिवाय.”

उस्तादनं घास हातातच ठेवला. “तू मोजलंस?”

“हो.”

“तौबा. अरे, तू इन्स्पेक्टर नाहीस, तू पागल आहेस. बरं ऐक. आजपासून हा आपला गडी. मी बघतो, तू मोज.”

त्याच आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. तारीख, समोरचा संघ, मिनिटं, गोल, शेरा. शेवटी दोन अरुंद रकाने सह्यांसाठी. ती कल्पना माझी. त्याला तेव्हा हसू आलं होतं, पण त्यानं पहिल्या ओळीवर सही केली ती झोकात, खाली रेघ ओढून.

युरोपातले सामने आपल्याकडं रात्री असतात आणि आम्ही दोघं पहाटेच्या बसचे. म्हणून आम्ही नियम केला. आठवडाभर निकाल ऐकायचा नाही, वाचायचा नाही. रविवारी सकाळी दहाला त्याच्या घरी बसून दोघांनी सामना पाहायचा, मग नोंद. दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलाच गोल मोजायचा. गड्यानं आमच्या आधी त्याच्या समुद्रकाठच्या गावच्या क्लबासाठी काही गोल मारले होते, तेही धरायचे नाहीत. एकदा पेंट शॉपमधल्या एकानं मुद्दाम बसमध्ये निकाल ओरडून सांगितला. उस्ताद पुढचे आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही. तेव्हा मला ते फार वाटलं होतं. आठ दिवस!

विश्वचषकानंतर गडी जर्मनीला गेला. दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला क्लब, ढगाळ हवा, अर्ध्या रिकाम्या खुर्च्या. चार वर्षं तो तिथं होता आणि त्यातला निम्मा वेळ बाकावर. टीव्हीवर तो क्लब येत नसे. उस्तादनं कुठून तरी एक साइट शोधली, तिच्यावर आठवडाभर सामन्यांची रेकॉर्डिंग असायची आणि मग ती काढून टाकत. त्याच्या बैठकीत जुना कॉम्प्युटर, समोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. भाभी चहा आणि खारी आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, “आज खेलने मिला क्या तुम्हारे बच्चे को?” बहुतेक वेळा उत्तर एकच असायचं. आठ मिनिटं, किंवा बारा.

मग त्याचा गुडघा गेला. नऊ महिने तो मैदानाबाहेर होता. मी म्हणालो, या काळात रविवारी जमायचं कारण नाही. उस्ताद म्हणाला, “कायको? आजारी माणसाला सोडतात का?” अडतीस रविवार आम्ही दहाला बसलो. तो नसलेल्या संघाचा सामना पाहिला, मिनिटांच्या रकान्यात शून्य लिहिलं, शेऱ्यात ‘गुडघा’ लिहिलं आणि दोघांनी सह्या केल्या. आता मागं वळून पाहतो तर ते अडतीस रविवारच मला जास्त आठवतात. पाहायला काही नसताना आम्ही पुष्कळ बोललो. माझ्या मुलीच्या लग्नाचं, त्याच्या पाठीच्या दुखण्याचं, निवृत्तीनंतर काय करायचं याचं. मी तोंडानं फारसं बोलणारा माणूस नाही. माझी बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं तर आधी आकडा काढावा लागतो. त्या खुर्चीवर मात्र मला बोलता यायचं.

जर्मनीतून गडी तुर्कस्तानात गेला आणि तिथं त्याला एकदाचा सूर सापडला. आमच्या वहीतले बहुतेक गोल तिथले. कॉमेंट्री तुर्की भाषेत असायची. पहिल्याच रविवारी उस्ताद खुर्चीतून पुढं झुकला.

“थांब थांब. काय म्हणाला तो? दकिका म्हणाला ना? दकिका म्हणजे मिनिट! आमच्या अब्बांच्या तोंडात होता हा शब्द.”

थोड्या वेळानं पुन्हा. “रेफरीला हाकेम म्हणतोय. हाकिम! आणि निकालाला नेतिजे. अरे गेजसाहेब, हा तर आपल्याच शहागंजातला दिसतोय.”

त्या दिवसापासून तो मला कॉमेंट्री समजावून सांगायला लागला. त्यातलं निम्मं तो मनानं रचायचा हे मला कळत होतं. त्याची नोंद मी कधी केली नाही.

तुर्कस्तानातल्या गड्याच्या दुसऱ्या वर्षी माझे वडील गेले. आमचं गाव गंगापूर तालुक्यात. मी तेरा दिवस गावाकडं होतो. थोरला म्हणून सगळी व्यवस्था माझ्याकडं होती आणि मी ती नीट केली. किती माणसं, किती पत्रावळी, कुणाला कळवलं, कुणाचं राहिलं, सगळं कागदावर होतं. लोक रडत होते, मी यादी पाहत होतो. नवव्या दिवसापर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, आणि ते लोकांच्या लक्षात यायला लागलं होतं.

दहाव्याचा विधी कायगावला, गोदावरीच्या घाटावर. उस्ताद रजा टाकून एसटीनं आला होता. तो गर्दीपासून लांब एका पायरीवर उभा राहिला. विधी आटोपून मी मुंडण केलेल्या डोक्यावर उपरणं घेऊन वर आलो, तेव्हा त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. खाली वाकून हळू आवाजात म्हणाला, “गड्यानं गोल मारला परवा.”

मी विचारलं, “कितव्या मिनिटाला?”

“बासष्टाव्या.”

आणि मला रडू आलं. कितीतरी वेळ मी त्या पायरीवर बसून होतो आणि तो शेजारी उभा होता.

गावाहून परतल्यावर पहिल्या रविवारी मी वही घेऊन त्याच्याकडं गेलो. त्यानं त्या सामन्याची ओळ स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात भरली आणि सही केली. रेकॉर्डिंग साइटवरून निघून गेलं होतं. मी घरी येऊन दोन ठिकाणी शोधलं. एका ठिकाणी तो गोल गड्याच्या नावावर होता, दुसऱ्या ठिकाणी डिफेंडरचा स्वयंगोल म्हणून लिहिला होता. पुढच्या रविवारी मी उस्तादला ते सांगितलं.

“अरे, आतच चालला होता बॉल. त्या डिफेंडरच्या बुटाला नुसता चाटून गेला. मी बघितलाय ना!”

“तरी पण होल्डवर ठेवतो.”

“लाव, लाव. पिवळा टॅग लाव,” तो हसत म्हणाला.

मी शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘होल्ड’ लिहिलं आणि माझ्या सहीची जागा मोकळी सोडली. त्याला ती गंमत वाटली होती. मी गंमत केली नव्हती.

तीन वर्षं ती ओळ तशीच राहिली. मधल्या काळात गडी गोल मारत राहिला आणि उस्ताद तोंडी हिशेब ठेवत राहिला. एका रविवारी, सामना संपत आलेला असताना, गड्यानं डोक्यानं बॉल आत घातला आणि उस्ताद खुर्चीवरून उठून ओरडला, “शंभर!” भाभी आतून पळत आल्या. मला माहीत होतं की माझ्या वहीत नव्व्याण्णव आहेत. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, बंद दाराआड, तिघांत. पण मला वाटलं, आधी घरी जाऊन बेरीज तपासू, मग बोलू. घरी दोनदा बेरीज केली, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. नव्व्याण्णव.

सोमवारी सकाळी बसमध्ये उस्तादच्या मांडीवर पेढ्यांचा मोठा डबा होता. सांगायला अर्धा तास होता. मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

दुपारी कँटीनमध्ये तो टेबलाटेबलावर पेढे वाटत फिरला. ज्यांना फुटबॉल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तेही दोन-दोन उचलत होते. पेंट शॉपवाला तोंडात पेढा ठेवून म्हणाला, “काय गेजसाहेब, शंभरावा पास केला का नाय तुम्ही?”

मी म्हणालो, “नव्व्याण्णव झालेत. एक होल्डवर आहे.”

सगळं टेबल हसलं. कुणीतरी म्हणालं, “घ्या! उस्ताद, माल रिजेक्ट! पेढे परत घ्या!”

उस्तादही हसत होता, क्षणभर. मग त्यानं मला विचारलं, “कोणता?”

“कायगावचा.”

“माझी सही आहे ना त्यावर.”

“एकच सही आहे,” मी म्हणालो.

हे वाक्य मी रोज दहा वेळा म्हणतो. मशीनवरच्या माणसांना, सुपरवायझरला. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. त्यानं डब्याचं झाकण लावलं, नीट, चारही बाजूंनी दाबून. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “एकच सही.” आणि तो टूलरूमकडं गेला.

पुढच्या रविवारी दहाला मी गेलो तेव्हा भाभींनी दार उघडलं. “वो तो बाहर गए, भाईसाब. बैठो ना.” बैठकीत एकच खुर्ची होती. त्याच्या पुढच्या रविवारीही तो बाहेर गेलेला होता. तिसऱ्या रविवारी मी गेलो नाही. बसमध्ये तो पुढच्या बाकावर ड्रायव्हरमागं बसायला लागला. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. कुणी आवाज चढवलाच नव्हता. महिन्याभरानं टूलरूमचं काम बाहेर द्यायचं ठरलं आणि त्यानं स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपाच्या कार्यक्रमात मोठं कार्ड फिरत होतं. सगळ्यांनी काही ना काही लिहिलं. मी फक्त सही केली.

गडीही त्या पेढ्यांच्या आठवड्यातच तुर्कस्तान सोडून आपल्या समुद्रकाठच्या गावी परतला, जिथून सुरुवात केली त्याच क्लबात. साडेतीन वर्षं तो तिथं खेळला. मी रविवारी दहाला घरी मोबाइलवर सामने पाहत राहिलो. शेजारच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन चालू असायचं. ती ब्लाउज शिवते. कधीतरी मशीन थांबवून विचारायची, “तुमचा चौकडीवाला आहे का आज?”

“आहे. बाकावर.”

“आणि तुमचे उस्ताद?”

मी मोबाइलचा आवाज वाढवायचो. ती पुन्हा मशीन चालवायची. एकदा मात्र म्हणाली, “फोन करायला काय मुहूर्त लागतो का?” मी म्हणालो, काय बोलू? ती म्हणाली, “किती मिनिटं खेळला ते सांगा. तेवढं तर येतं तुम्हाला.” मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

गडी हळू झाला होता. शेवटची दहा-बारा मिनिटं त्याला आत पाठवत. बॉल नसताना तो अजून पळायचा, पण आता डिफेंडर त्याच्यामागं जात नसत. ते जागेवर उभे राहून त्याला पळताना पाहत. हे मला दिसलं, कारण काय पाहायचं ते उस्तादनं शिकवलं होतं. दिसलं आणि सांगायला कुणी नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात ते मावत नाही.

तर, बातमी आली त्या दिवशी मी पाळी संपवून घरी आलो आणि वही बंद करायला बसलो. कोणतंही काम संपलं की शेवटची बेरीज करायची असते. मिनिटं बेरजेत धरली, गोल बेरजेत धरले. नव्व्याण्णव. गडी घरच्या क्लबात परतल्यानंतरच्या साडेतीन वर्षांत त्रेसष्ट सामने, गोलाच्या रकान्यात त्रेसष्ट शून्यं. सगळं जुळलं. मग सवयीप्रमाणं सह्यांचे रकाने तपासत खाली आलो.

त्या त्रेसष्ट ओळींवर एकच सही होती. माझी. उस्तादचा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा.

माझ्याच नियमानं त्यातली एकही ओळ धरता येत नव्हती. मी मात्र सगळी मिनिटं बिनदिक्कत बेरजेत घेतली होती. मी पाहिलं आहे ना, मग खरंच आहे, असं धरून. त्रेसष्ट वेळा स्वतःच्या एका सहीवर माल पास करताना मला एकदाही होल्ड आठवला नाही. आणि ज्या माणसानं एसटीनं कायगावला येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्या सहीला मी पिवळा टॅग लावून बसलो होतो.

मी तो गोल पुन्हा शोधला. दोन्ही साइटींवर अजून तेच, एकीकडं गडी, एकीकडं डिफेंडर. सामना कुठंच मिळाला नाही. तो प्रत्यक्ष पाहिलेला, माझ्या ओळखीतला, एकच माणूस होता.

सही करायला मला तीन दिवस लागले. हे खोटं नाही. सव्वीस वर्षांत न पाहिलेल्या गोष्टीवर मी सही केली नव्हती. रविवारी सकाळी आंघोळ करून बसलो, ‘होल्ड’वर सरळ रेघ मारली, सही केली आणि खाली त्या दिवसाची तारीख टाकली. मग स्कूटर काढली.

उस्मानपुऱ्यात पोचलो तेव्हा दहाला चार मिनिटं होती. मी खाली थांबलो आणि बरोबर दहाला बेल वाजवली.

“कोण?” आतून त्याचाच आवाज.

“मी.”

“मी कोण?”

“क्वालिटी.”

मग कडी निघाली. त्याची दाढी पूर्ण पांढरी झाली होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग काखेतल्या वहीकडं.

“गडी थांबला,” मी म्हणालो.

“वाचलं. ये.”

बैठकीत कॉम्प्युटरवर कापड टाकलेलं होतं. भाभी मुलीकडं गेल्या होत्या. त्यानं आतून दुसरी खुर्ची आणली.

“घरच्या क्लबातले सामने बघितलेस का?” मी विचारलं.

“नाय. एकट्याला ती कॉमेंट्री कळत नाय.”

“तिथली कॉमेंट्री तुर्की नाही. त्यांच्या भाषेत आहे.”

“मग तर अजिबातच नाय कळणार.”

मी वही उघडून ते पान त्याच्यासमोर धरलं. त्यानं चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून तो माझ्या सहीपर्यंत गेला आणि तिथं थांबला.

“ही आजची तारीख आहे.”

“आज केली. मागची तारीख टाकता येत नाही.”

“न बघता केलीस?”

“हो.”

“किती दिवस होल्डवर होता?”

“सहा वर्षं सात महिने.”

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. बोट तसंच ओळीवर ठेवून म्हणाला, “घाटावर तू मिनिट विचारलंस ना, कितव्या मिनिटाला म्हणून? मला वाटलं, झाली नोंद. मला वाटलं, ह्यानं घेतलं माझं.”

चूक झाली, असं मी म्हणालो. तो म्हणाला, “हां.” मग उठून त्यानं स्वतः चहा केला. खारी नव्हती. चहा पिताना आम्ही पाठीच्या दुखण्याचं बोललो, माझ्या मुलीचं बोललो, टूलरूमच्या जागेवर आता काय आहे ते बोललो. वीस मिनिटांत बोलणं संपलं. पूर्वी त्या खुर्चीवर असं कधी होत नसे. मी उठलो आणि वहीला हात घातला.

“राहू दे इथं,” तो म्हणाला.

ती वही साडेबारा वर्षांत एक रात्रही माझ्या घराबाहेर राहिलेली नव्हती. मी ती टेबलावर ठेवली. पुन्हा ये, असं तो म्हणाला नाही. येतो, असं मीही म्हणालो नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “काय म्हणाले?”

“चहा दिला.”

“आणि वही?”

“ठेवून घेतली.”

“तुम्ही दिली?” तिनं मशीन थांबवलं आणि माझ्याकडं नीट पाहिलं. मग पुढची शिवण घातली.

पुढचे रविवार विचित्र गेले. गडी नाही, वही नाही. दहा वाजले की मी खुर्चीत बसायचो आणि सव्वादहाला उठायचो. कपाटात वहीची जागा रिकामी होती, तिथं काही ठेवावं असं वाटलं नाही. बसमध्ये उस्मानपुऱ्याच्या थांब्यावर मी पिशवी उचलून मांडीवर घ्यायचो आणि बस निघाली की परत शेजारी ठेवायचो. असे एकोणीस दिवस गेले. मी मान्य केलं होतं की त्याला त्याचा गोल हवा होता, तो मिळाला, आणि तेवढ्यावर हे प्रकरण बंद झालं.

काल दुपारी कँटीनमध्ये असताना मोबाइलवर तीन फोटो आले. सोबत एक अक्षर नव्हतं. वहीची शेवटची तीन पानं. माझ्या त्रेसष्ट ओळींच्या शेजारी, त्याच्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत सह्या होत्या. प्रत्येकीखाली ओढलेली रेघ. त्यातला एकही सामना त्यानं पाहिलेला नाही. आणि अगदी तळाशी त्यानं मोठ्या, वाकड्या अक्षरात एकूण आकडा लिहिला होता. शंभर. त्यापुढं त्याची सही, आणि माझ्या सहीची जागा मोकळी.

मी शेवटचा फोटो मोठा करून पाहिला. आकडा त्यानं मिनिटांच्या रकान्यात लिहिला आहे. गोलांचा रकाना त्याच्या उजवीकडं आहे, तो तसाच कोरा. तो आकडा सरळ रेघ मारून काढावा लागेल आणि योग्य जागी पुन्हा लिहावा लागेल. आणि दुरुस्ती म्हटली की दोघांच्या सह्या लागतात.

परवा रविवार आहे. पेन त्याच्याकडं असेल, तरी मी माझा नेणार आहे.